पाण्याच्या बिलात नसलेला एक रकाना

इंदूरच्या घरांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. ते येतं खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून, जवळपास ७० किलोमीटरवरून, आणि वाटेत त्याला विंध्याचा घाट चढावा लागतो. चढाई साधारण अर्ध्या किलोमीटरची. १,००० लिटर पाणी १०० मीटर उचलायचं तर निव्वळ हिशेबाने ०.२७ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर मिळून ७० टक्के काम देतात असं धरलं तर ०.३९ युनिट. पाचशे मीटरला झाली साधारण दोन युनिटं. म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी भरली, की घरची मोटर सुरू व्हायच्या आधीच त्या पाण्यामागे दोन युनिटं जळालेली असतात. हा खर्च इतका जड झाला की इंदूर नगर निगमने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले, जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा करण्यासाठी.

विजेला रकाना आहे. पाइपाला, क्लोरीनला, पंपावरच्या माणसाच्या पगाराला आहे. पण ज्या उतारांवरून, शेतांवरून आणि चरनोईवरून, म्हणजे गायरानावरून, पाणी उतरतं, ती जमीन राखणाऱ्याच्या नावाने एक रुपयाही कुठे लागत नाही. तो रकाना उघडायचा, वरच्या माणसाने जमीन विशिष्ट पद्धतीने राखावी म्हणून खालच्या माणसाने त्याला ठरावीक पैसे द्यायचे, एवढीच ही कल्पना. कागदोपत्री तिला ‘परिसंस्था सेवांचा मोबदला’ म्हणतात. शब्द दातात अडकतो, म्हणून इथे आपण साधं ‘राखणीचा मोबदला’ म्हणू.

मराठी माणसाला ही गोष्ट अगदीच परकी नाही. बलुतं असंच चालायचं: काम वर्षभराचं, मोबदला ठरलेला, तो सुगीला मिळणार आणि काम चुकलं तर खळ्यावर बोलणं ऐकावं लागणार. (त्यातली जातीची उतरंड अर्थातच सोडून द्यायची. ती विसरून बलुत्याचं कौतुक करणाऱ्यांपासून सावध राहिलेलं बरं.)

व्यवहार म्हणून उभं राहायला चार गोष्टी लागतात. मिळणारी सेवा नेमकी कोणती, घेणारा कोण, देणारा कोण, आणि चौथी शर्त: काम झालं तर पैसे, नाही झालं तर नाही. शर्त सुटली की उरतं ते अनुदान. अनुदानाला आमची हरकत नाही, पण त्याने ओढ्यातला गाळ थांबेलच असं नाही.

एक फरक इथेच लक्षात घ्या. आपल्याकडे पाणलोटाच्या कामांना पैसा नाही असं नाही. समतल चर, दगडी बांध, शेततळी यांसाठी सरकारी योजना गेली कित्येक वर्षं आहेत. मध्य प्रदेशात राजीव गांधी पाणलोट मिशन १९९४ पासूनचं. पण योजना बांधायला पैसे देते, सांभाळायला देत नाही. तिसऱ्या पावसाळ्यात चर गाळाने भरतो, बांधाचे वरचे चार दगड निखळतात, आणि पाचव्या वर्षी तिथे काही होतं हे सांगायला फक्त फलक उरतो. राखणीच्या मोबदल्याची खरी जागा ही आहे. बांधकाम योजनेतून आणि देखभाल पाणी पिणाऱ्यांच्या पैशातून.

नक्की काय विकत घेताय

इंदूरच्या दक्षिणेला महूजवळ जानापावच्या डोंगरात उभं राहिलं की मामला डोळ्यांना दिसतो. या कण्याच्या उत्तरेला पडलेला थेंब गंभीर, चंबळ अशा नद्यांतून यमुनेकडे निघतो, दक्षिणेला पडलेला चोरलसारख्या नद्यांतून नर्मदेत उतरतो. गंभीर पुढे यशवंत सागरात येते, म्हणजे इंदूरच्या होळकरकालीन तलावात, आणि तिथून खाली उज्जैनला पाणी देणाऱ्या गंभीर धरणात. एकाच नदीच्या माथ्याला एका गावाच्या शेळ्या आणि पायथ्याला दोन शहरांचे नळ.

मग शहराला वरून हवंय तरी काय? बहुतेक प्रस्ताव ‘जलसंवर्धन’ हा एक शब्द लिहून मोकळे होतात आणि पुढची दहा वर्षं तिथेच घसरतात. कारण जमीन पाण्यासाठी निरनिराळी कामं करते आणि त्यांचे उपाय एकमेकांशी भांडतात.

गाळ अडवणं हे सगळ्यांत खात्रीचं. गवताने झाकलेली जमीन आणि उघडी जमीन यांतला फरक पहिल्याच पावसाळ्यात दिसतो. पाणी स्वच्छ राखणं, म्हणजे खत-औषधं आणि शेण तलावापर्यंत न पोचू देणं, हेही जमतं, फक्त मोजणी महाग पडते. पावसाळा सरल्यावर ओढा दोन महिने जास्त वाहता ठेवणं कधी जमतं, कधी नाही. आणि तलावात ‘जास्त पाणी’ आणणं? इथे हात आखडता घ्या.

समतल चर आणि बांध पाणी वरच अडवतात. त्यातलं काही मुरतं, काही उडून जातं, काही वरचा शेतकरी बोरिंगमधून उपसून गव्हाला देतो. यात वाईट काही नाही, वरच्या गावाचं भलंच आहे, पण खालच्या तलावात येणारं पाणी त्यामुळे घटू शकतं. शहराला ‘जास्त पाणी’ विकून वर चर खोदले तर गिऱ्हाइकाला उलटाच माल मिळेल. झाडांचंही तेच. झाडं लावली की पाणी वाढतं हे इतक्या भाषणांतून ऐकलंय की खरंच वाटायला लागतं. झाड माती धरतं, गाळ कमी करतं, पण ते पाणी पितंसुद्धा. निलगिरीची दाट लागवड तर ओढा लवकर आटवते. दक्षिण आफ्रिकेने १९९५ पासून उलटा कार्यक्रम चालवलाय: पाणलोटातली पसरणारी परदेशी झाडं तोडायची, म्हणजे नद्यांत पाणी राहील, आणि तोडणीची मजुरी गरिबांना द्यायची.

मालव्याच्या काळ्या मातीची तऱ्हा आणखी वेगळी. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा असतात, त्यामुळे पहिला पाऊस ती गटागटा पिते. मग फुगते, भेगा मिटतात आणि नंतरचं पाणी वरून वाहत सुटतं, मातीसकट. खाली बेसॉल्टचा खडक. त्याच्या भेगांत आणि कुजलेल्या थरात शेकडा एक ते तीन एवढीच पाणी देणारी पोकळी. दोन टक्के धरली तर एका हेक्टरखालची भूजल पातळी मीटरभर वर आली तरी हाती येतात २०० घनमीटर, म्हणजे मोठ्या टँकरच्या वीसेक खेपा. चार चर खोदून ‘लाखो लिटर जमिनीत मुरवले’ अशी बातमी आली की हा आकडा आठवा.

म्हणून सल्ला एकच: यशवंत सागरासारख्या तलावाच्या पाणलोटात आधी गाळ अडवणं विकत घ्या, बाकीचं मागाहून. आणि आख्ख्या नर्मदेच्या खोऱ्यापासून सुरुवात करू नका. अमरकंटकपासून जलूदपर्यंतच्या पसाऱ्यात दोन-चार गावांनी काय केलं ते जलूदच्या पंपावर कधीच मोजता येणार नाही. मोजता येत नाही त्याचे पैसे कोणी फार दिवस देत नाही.

सुखोमाजरीचा हिशेब

भारतातलं सगळ्यांत शिकवणारं उदाहरण १९७० च्या दशकातलं आहे. चंदीगडची सुखना झील १९५८ मध्ये बांधली आणि वीस वर्षांच्या आत तिचा मोठा भाग गाळाने भरला. गाळ येत होता शिवालिकच्या टेकड्यांवरून; त्यातलं एक गाव हरियाणातलं सुखोमाजरी. गुज्जरांची वस्ती, शेळ्या भरपूर, डोंगर बोडका. मृदसंधारण केंद्राचे पी. आर. मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे मातीचं छोटं धरण बांधलं. पाण्याने गावाची शेती पिकेल, मग लोक डोंगरावर जनावरं सोडणार नाहीत, असा कयास.

तो अर्धाच खरा ठरला. पाणी मिळालं ज्यांची शेतं धरणाच्या खाली होती त्यांना. ज्यांचं शेत वर किंवा ज्यांना शेतच नाही, ते शेळ्या घेऊन डोंगरावर जातच राहिले. त्यांनी का थांबावं? डोंगर राखायचा सगळ्यांनी आणि पीक काढायचं चौघांनी, हा हिशेब कुठल्याच गावात टिकत नाही. मग नियम बदलला. धरणातल्या पाण्यावर प्रत्येक घराचा समान हक्क, जमीन असो वा नसो. ज्याला शेत नाही त्याने आपला वाटा दुसऱ्याला द्यावा आणि मोबदला घ्यावा. बदल्यात प्रत्येक घराने जनावरं डोंगराबाहेर ठेवायची. कुंपण नाही, चौकीदार नाही; शेजाऱ्याची शेळी वर दिसली तर आपलं पाणी जातं हे प्रत्येकाला कळत होतं. पुढे डोंगरावरचं भाबर गवत कापायचा हक्कही गावच्या सोसायटीकडे आला, शेळ्या घटून म्हशी वाढल्या आणि झीलकडे जाणारा गाळ खूप घटला.

या व्यवहारात चंदीगडने गावाला दरमहा चेक दिला नव्हता. मोबदला धरण, पाणी आणि गवताच्या रूपात होता. आणि गाडी रुळावर आली ती भूमिहीन घराला भागीदार केल्यावर. गरिबी घटवणं हा इथे वरून लावलेला मुलामा नव्हता, ती व्यवहाराची गरज होती: डोंगर राखायचा की उजाडायचा हे ज्याच्या हातात होतं तो गावातला गरीबच होता.

हिमाचलमधल्या पालमपूर नगर परिषदेने २०१० मध्ये आपल्या झऱ्याच्या वरच्या गावांशी लेखी करार केला. वर्षाची रक्कम दहा हजार रुपये. ती हास्यास्पद वाटेल, पण एका नगर परिषदेने पाण्याच्या राखणीसाठी गावांना देणं लागतो असं लिहून दिलं, याची किंमत निराळी.

बाहेरच्या जगातलं न्यूयॉर्कचं उदाहरण सगळे देतात. १९९७ च्या करारानुसार शहराने कॅट्सकिलच्या पाणलोटात शेतकऱ्यांना आणि गावांना पैसे दिले आणि अब्जावधी डॉलरचा गाळणी प्रकल्प टाळला. ते उत्तम आहे, पण तो गरिबी हटवण्याचा कार्यक्रम नव्हता. आपल्याला त्यातून शिकायचं ते एवढंच की शहर पैसे देतं ते मोठा खर्च वाचतो म्हणून. कोस्टारिकाने १९९७ पासून इंधनावरच्या कराच्या पैशातून देशभर जंगलमालकांना मोबदला दिला; सुरुवातीला जमिनीचा पक्का कागद लागत असल्याने छोटा शेतकरी बाहेर राहिला, नंतर नियम सैल केले. मेक्सिकोने २००३ मध्ये पाणीपट्टीतून तसंच केलं आणि लक्षात आलं की बराच पैसा अशा जंगलाला गेला जे कोणी तोडणारच नव्हतं. चीनने १९९८ च्या पुरांनंतर तीव्र उतारावरची शेती सोडणाऱ्यांना धान्य आणि रोख दिली. बोलिव्हियातल्या लोस नेग्रोस खोऱ्यात मोबदला म्हणून मधमाश्यांच्या पेट्या दिल्या, कारण लोकांनीच सांगितलं की रोख रक्कम हातात टिकत नाही.

आणि आपल्या देशात? चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांच्या वाटपात वनक्षेत्राला ७.५ टक्के वजन दिलं, पंधराव्याने ते १० टक्के केलं. जंगल राखल्याबद्दल राज्यांना खरोखर मोठी रक्कम जाते. ती राज्याच्या तिजोरीपर्यंत जाते. तिथून डोंगरावर चढायला तिला वाट नाही.

भाव कसा बसवायचा

भावाला एक तळ असतो आणि एक छत. तळ म्हणजे वरच्या माणसाचं जे बुडतं ते, छत म्हणजे खालच्याचं जे वाचतं ते. छत तळाच्या वर असेल तरच व्यवहार होतो. खालचे आकडे मानलेले आहेत, पद्धत कळावी म्हणून. तुमच्या तलावाचे आकडे तुम्ही घाला.

समजा १,००० हेक्टरचा लहान, उताराचा पाणलोट आहे. वर्षाला एक मिलिमीटर माती वाहते. मिलिमीटर म्हणजे फारसं काही नाही, पण हेक्टरी तो होतो १० घनमीटर, वजनाला साधारण १३ टन. सगळ्याचे झाले १०,००० घनमीटर. त्यातला अर्धा वाटेत बसला आणि अर्धा तलावात आला असं धरू: ५,००० घनमीटर, म्हणजे १० घनमीटरच्या डंपरच्या ५०० खेपा. खोदाई, भराई, वाहतूक धरून घनमीटरला १५० रुपये लावले तर शहराचे साडेसात लाख वाचतात. हेक्टरी ७५०. हे झालं छत.

आता तळ. उताराच्या शेतात दर २० मीटरवर मीटरभर रुंदीचा गवताचा पट्टा ठेवायचा तर पाच टक्के जमीन गेली. शेतातून वर्षाला हेक्टरी २०,००० रुपये निव्वळ सुटत असतील तर बुडाले १,०००. गवत लावणं, राखणं धरून १,५०० म्हणा. पंधराशेचं काम साडेसातशेला कोणी करणार नाही. व्यवहार फिसकटला.

इथे बरेच प्रस्ताव एक तर आकडे फुगवतात किंवा गुंडाळले जातात. करायचं असतं वेगळं. माती सगळीकडून सारखी येत नाही. घळी, ओढ्याचे काठ, गुरांच्या पायवाटा, कच्चे रस्ते आणि डोक्यावरची उघडी उतारशेती एवढ्यांतून बहुतेक गाळ येतो. समजा २०० हेक्टरांतून ७० टक्के गाळ येतो. तलावात पोचणारा त्यांचा वाटा ३,५०० घनमीटर, किंमत सव्वापाच लाख, हेक्टरी २,६२५ रुपये. तळ तोच, १,५००. आता दोघांच्या मध्ये हजारभर रुपयांची जागा आहे आणि तिथे बसून घासाघीस करता येते. सव्वापाच लाख एक लाख नळांवर वाटले तर नळामागे महिन्याला ४४ पैसे पडतात.

म्हणून पहिलं काम पावसात पाणलोट पायी फिरून घळी आणि वाटा नकाशावर चढवणं हे. उन्हाळ्यात फिरलात तर सगळीच जमीन उघडी दिसते. सरसकट सगळ्यांना थोडं थोडं देणं राजकारणाला सोयीचं असतं, पण त्यात कोणाच्याच हाती पुरेसं पडत नाही आणि गाळ तसाच वाहतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. पाण्याच्या हिशेबातून जेवढं निघतं तेवढंच पाण्याच्या खिशातून मागा. गावाला त्याहून जास्त देण्याची गरज असेल, आणि बहुधा असतेच, तर तो पैसा कल्याणकारी योजनांच्या खिशातून यावा. दोन खिसे मिसळले की शहर म्हणतं आम्हाला लुटतात आणि गाव म्हणतं आम्हाला फसवलं.

गरिबाच्या हातात काय पडतं

सव्वापाच लाखांतून मोजणी आणि हिशेबाला ७५ हजार काढू. यापेक्षा जास्त काढायची मुभा नाही: महिना १५,००० वर एक पूर्णवेळ माणूस नेमला तरी वर्षाचे एक लाख ८० हजार, म्हणजे एक तृतीयांश रक्कम दफ्तरातच संपली. छोट्या योजना अशाच मरतात. उरले साडेचार लाख. त्या २०० हेक्टरांत ८० हेक्टर खाजगी शेतं आणि १२० हेक्टर चरनोई व वनजमीन आहे, गावात १०० घरं, त्यांतली २५ भूमिहीन, असं धरा.

सोपा मार्ग म्हणजे खसरा, म्हणजे जमिनीचा सरकारी उतारा, काढून मालकाला हेक्टरप्रमाणे पैसे देणं. पटवाऱ्याकडे यादी तयारच असते. हेक्टरी ५,६२५ रुपये पडतील. पाच हेक्टरवाल्याला २८,१२५, भूमिहीनाला शून्य. वर चरनोई बंद झाल्याने त्याच्या शेळ्यांचा चारा गेला, म्हणजे शून्याच्याही खाली. मोबदल्याने गरिबी वाढते ती अशी, आणि कागदावर कुठेच चूक दिसत नाही.

दुसरी वाटणी पाहा. खाजगी उताराला हेक्टरी २,००० प्रमाणे एक लाख ६० हजार. चरनोई राखल्याबद्दल प्रत्येक घराला सारखे १,४०० प्रमाणे एक लाख ४० हजार. उरलेले दीड लाख चर उपसणं, बांध सावरणं, गवत लावणं यांच्या मजुरीला: दिवसाला ३०० रुपयांनी ५०० दिवस, आणि ते काम आधी त्या २५ घरांना, घरामागे २० दिवस. भूमिहीन घराला मिळाले १,४०० अधिक ६,००० म्हणजे ७,४००. एक हेक्टर उतार असलेल्याला ३,४००. रक्कम तेवढीच, फक्त पाट वळवला.

७,४०० रुपयांनी कोणाची गरिबी संपत नाही, आणि तसा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण ते कधी मिळतात यावर बरंच अवलंबून आहे. मेच्या शेवटी मिळाले तर बियाणं आणि खतासाठी सावकाराच्या दारात जावं लागत नाही. मार्चअखेरीला सरकारी घाईत मिळाले, किंवा पुढच्या ऑगस्टमध्ये, तर तेच पैसे निम्मे उपयोगाचे. म्हणून दोन हप्ते ठेवतात: एक पावसाळ्यानंतर पाहणी झाल्यावर, दुसरा पेरणीच्या आधी.

बटाईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, कसणाऱ्याचं काय? मालक इंदूरला राहतो, करारावर सही त्याची, गवताचा पट्टा राखतो बटाईदार. मोबदला मालकाच्या खात्यात गेला की बटाईदार पट्ट्यावर नांगर फिरवतो, आणि त्याचं चुकतंय असं म्हणवत नाही. करारात कसणाऱ्याचा वाटा वेगळा लिहून घ्या. आणि खातं घरातल्या बाईच्या नावे किंवा जोडखातं असावं, कारण चराईबंदीनंतर चाऱ्याचा भारा डोक्यावरून लांबून आणायचं काम तिच्याच वाट्याला येतं. त्यासाठी बंद डोंगरावरून विळ्याने गवत कापून न्यायची मुभा पहिल्या वर्षापासून हवी. शेळी आत नाही, विळा आत. बोडका डोंगर पूर्ण गवताळ व्हायला दोन-तीन पावसाळे लागतात. तोवर चारा कुठून येणार हे आधी ठरवलं नसेल तर करार पहिल्या हिवाळ्यात मोडतो.

कागद, आणि तो कुठे फाटतो

सही कोण करणार हा प्रश्न वरवर साधा. वरचे उतार बहुतेक वन विभागाचे, चरनोई महसूल खात्याची, तलाव शहराचा. जमिनीचा मालक गाव नाही, मग गावाला कशाचे पैसे? उत्तर कायद्यात आहे: २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार दिलाय. मोबदला मालकीचा नसून राखणीचा आहे असं कराराच्या पहिल्याच कलमात लिहिलं की निम्मे वाद मिटतात. पैसे सरपंचाच्या एकट्या सहीने निघू नयेत. समितीच्या तीन सह्या, त्यांतली एक भूमिहीन घरातली. आणि वाटप ग्रामसभेत मोठ्याने वाचून.

चराईबंदीत एक गळती हमखास होते. या डोंगरावर बंदी आली की गुरं शेजारच्या डोंगरावर जातात, आणि त्याचा ओढाही त्याच तलावात येत असतो. गाळाने नुसता पत्ता बदलला. म्हणून बंदी पाळीपाळीने, डोंगराचे तीन भाग करून.

शर्त मोडली तर काय, हेही पायऱ्यांनी ठरवा. पहिल्या चुकीला सगळे पैसे बंद केले तर गाव उठून जातं, काहीच केलं नाही तर शर्त हसण्यावारी जाते. दहा टक्के कपात, मग पंचवीस, मग हप्ता बंद, आणि अतिवृष्टीने बांध फुटला तर तो दोष धरायचा नाही. उलट बाजूची शर्तही हवी: शहराने हप्ता दोन महिने लांबवला तर गाव राखणीतून मोकळं. हे कलम शहराच्या वकिलांना आवडत नाही. पण करार मोडू शकतो तो इथूनही.

एका ठिकाणी मात्र हा उपाय हात टेकतो. इंदूरच्या बायपासच्या आणि महूच्या बाजूला ज्या उतारांना कॉलनीचा, फार्महाउसचा भाव आलाय तिथे हेक्टरी दोन हजार रुपये घेऊन कोणी दलालाला परत पाठवणार नाही. तिथे लागतो तो मास्टर प्लॅन आणि त्याची अंमलबजावणी. राखणीचा मोबदला शेतीच्या भावाशी टक्कर देऊ शकतो, प्लॉटच्या भावाशी नाही.

मोजणी

गाळ घटला हे दाखवता आलं नाही तर तिसऱ्या वर्षी नवा आयुक्त विचारणार: हे पैसे कशाचे? आणि त्याचं बरोबर असणार.

ओढ्यावर मोजखाच बसवायची. जाड पत्र्याची किंवा काँक्रीटची आडवी भिंत, तिच्या मधोमध ९० अंशांची ‘व्ही’ खाच, आणि थोडं वरच्या अंगाला मोजपट्टी. खाचेच्या खालच्या टोकापासून पाणी १० सेंटिमीटर वर असेल तर सेकंदाला साधारण ४.४ लिटर वाहतंय. २० सेंटिमीटर झालं तर ८.८ नाही, २४.७ लिटर. उंची दुप्पट, पाणी साडेपाच पटींहून जास्त. त्यामुळे पट्टी वाचण्यात एका सेंटिमीटरची चूकसुद्धा महागात पडते. खाचेत पळसाचं एक पान अडकलं तरी आकडा खोटा. मोठ्या पुराला खाच पुरत नाही, त्या वेळी पट्टीवरच्या उंचीवरून अंदाज घ्यायचा.

गाळासाठी लिटरची बाटली भरायची, पाणी गाळणकागदातून गाळायचं, कागद वाळवून तोलायचा, कोऱ्या कागदाचं वजन वजा करायचं. लिटरला पाच ग्रॅम निघाला आणि पाणी २४.७ लिटरने वाहत असेल तर तासाला साडेचारशे किलोच्या आसपास माती चालली आहे. बाटली पाणी चढत असताना भरायला हवी. पूर ओसरताना भरलेली बाटली बहुधा जास्त स्वच्छ दिसते, आणि ती भरणाऱ्याला दोष देता येत नाही, कारण भर पावसात ओढ्यावर जायला कोणाला हौस? म्हणून हे काम काठावरच्या घराला, बाटलीमागे पैसे ठरवून द्यायचं.

एकाच ओढ्याचे मागचे-पुढचे आकडे पुरत नाहीत. एका वर्षी पाऊस जास्त, एका वर्षी कमी. कमी पावसाच्या वर्षी गाळ आपोआप घटतो आणि सगळे पाठ थोपटून घेतात. शेजारचा, करारात नसलेला, तेवढ्याच आकाराचा एक ओढा जोडीला मोजा. दोघांतला फरक, तेवढंच गावाचं श्रेय.

करार व्हायच्या आधीचा निदान एक पावसाळा मोजलेला असावा लागतो. खाचेची भिंत मेच्या मध्यापर्यंत उभी राहिली पाहिजे आणि तिचा पाया खडकापर्यंत गेला पाहिजे, नाहीतर काळी माती फुगली की भिंत हलते आणि पाणी खालून निघून जातं. जूनमधल्या पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींत, शेतं उघडी असताना, वर्षाच्या गाळाचा मोठा हिस्सा निघून जातो. तेवढ्या हुकल्या की वर्षाचा आकडा गेला, आणि करार पुढच्या मेपर्यंत थांबला.